मासे पाळणें आणि शब्द पाळणें

लहान वस्तूंवरून मोठे प्रश्न उपस्थित करणाऱ्यास लोक हंसतात, आणि पुष्कळदां तें हंसणें योग्यहि असतें. दोन इंची माशावरून मनुष्याच्या कर्तव्याचा विचार करूं पाहणारा लेखक स्वतःचा व वाचकांचा वेळ फुकट घालवीत आहे, असें कोणास वाटलें तर आम्ही त्यास दोष देणार नाहीं. परंतु हा प्रश्न आम्हीं हौसेनें शोधून काढलेला नाहीं. तो आमच्या लिहिण्याच्या मेजाच्या खणांत तीन महिने पडून होता, आणि गेल्या आठवड्यापासून तो आम्हांस स्वस्थ बसूं देत नाहीं. त्या खणांत एक लहानशी पिशवी आहे. पिशवींत मूठभर ओलसर काथ्याचा भुसा आहे, आणि त्या भुशांत माशांचीं सुमारें चाळीस अंडीं आहेत. पिशवीच्या तोंडाशीं बांधलेल्या चिठ्ठीवर आमच्याच अक्षरांत एक तारीख लिहिलेली आहे. ती उलटून आठ दिवस झाले. त्या दिवशीं आम्हीं त्या भुशावर पाणी ओतावयाचें होतें. म्हणजे, या अंड्यांच्या दृष्टीनें बोलावयाचें तर, पाऊस पाडावयाचा होता. तो आम्हीं पाडला नाहीं. कां पाडला नाहीं, आणि पाडणें उचित कीं न पाडणें उचित, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हे मासे मूळचे झांजीबार बेटावरचे. ज्या बेटाची लवंग जगभरच्या मसाल्याच्या डब्यांत जात राहिली, त्याच बेटावर पावसाळ्यांत जीं उथळ डबकीं सांचतात त्यांत यांची वस्ती. १८९३ सालीं जॉर्ज फेफर या जर्मन प्राणिशास्त्रज्ञानें यांचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें, आणि ब्रिटिश म्युझियममधील मत्स्यशास्त्रज्ञ आल्बर्ट गुंथर यांच्या नांवावरून आज नोथोब्रँकियस गुंथेरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जातीस गुंथेरी हें नांव दिलें. नर फार तर दोन इंचांचा. निळसर हिरव्या अंगावर खवल्यांना तांबड्या कडा, आणि शेपटी इतकी लाल कीं अंधुक खोलींतहि प्रथम तीच नजरेस पडावी. मादी फिकट, मातकट रंगाची व नराहून लहान. पूर्व व दक्षिण आफ्रिकेंत या कुळाच्या सत्तरांहून अधिक जाति आहेत, आणि बहुतेकींची राहणी एकच. पाऊस आला कीं जन्मावें, कांहीं आठवड्यांतच वयांत यावें, डबक्यांत पाणी आहे तोंवर अंडीं घालावीं, आणि डबकें आटलें कीं मरावें. आटलेल्या डबक्यांत एकहि मासा उरत नाहीं. उरतात तीं चिखलांतील अंडीं.

तें अंडें मोहरीच्या दाण्याहूनहि लहान असतें. वरचा चिखल उन्हानें वाळतो, भेगाळतो, त्यावरून गुरें जातात; आणि खालीं अंड्यांतला जीव थांबून राहतो. थांबतो हा शब्द येथें अक्षरशः खरा आहे. अशा वर्षायु माशांच्या अंड्यांची वाढ तीन टप्प्यांवर स्थगित होऊं शकते, हें जॉन वूर्म्स यांनीं १९७२ सालीं सविस्तर दाखविलें. पहिला थांबा अगदीं आरंभीं, पेशी नुसत्या विखुरलेल्या असतां. दुसरा अवयवांची घडण अर्धवट झाली असतां. आणि तिसरा सर्व तयारी पूर्ण होऊन केवळ बाहेर पडणें तेवढें शिल्लक असतां. एकाच मादीचीं अंडीं एकाच चिखलांत असूनहि तीं सगळींच एका वेळीं तयार होत नाहींत. पहिल्या सरीस फसून जन्मावें आणि पुढें आठ दिवस कोरडे जावेत, हा धोका त्यांच्या जगांत नेहमींचाच. म्हणून कांहीं अंडीं पहिल्या पावसाला उठतात, कांहीं दुसऱ्याची वाट पाहतात. दुबार पेरणीची वेळ आली तर म्हणून आपला शेतकरी मूठ दोन मुठी बियाणें कणगींत राखून ठेवतो, तशीच ही व्यवस्था.

आमच्याकडे हे मासे एका स्नेह्यांकडून आले. हे गृहस्थ सेवानिवृत्त आहेत, आणि त्यांच्या घराच्या मागील पडवींत कांचेच्या बारा टांक्या आहेत. एकींत टांगानिका तळ्यांतले दीड-दोन इंची मासे रिकाम्या शंखांत संसार थाटून राहतात. दुसरींत हे झांजीबारचे. आम्हांस एक नर व दोन माद्या देतांना ते म्हणाले, "घेऊन जा, पण एक लक्षांत ठेवा. कुत्रें भुंकून मागतें, मांजर पायांत घोटाळतें. हे कांहीं मागत नाहींत." त्या वेळीं हें वाक्य आम्हांस केवळ माहितीवजा वाटलें. पुढील सारा विधि त्यांनींच शिकविला. टांकींत एका वाडग्यांत उकळून धुतलेला काथ्याचा भुसा ठेवावयाचा. नर मादीस त्यावर घेऊन जातो, आपला पाठीवरचा पर तिच्यावर पांघरतो, दोघें क्षणभर थरथरतात, आणि एक अंडें भुशांत जातें. एका वेळीं एकच. आठवड्यानें तो भुसा काढून, गाळलेल्या चहाच्या चोथ्याइतका ओलसर राहील असा पिळून, पिशवींत घालावयाचा व चिठ्ठी बांधून उबदार काळोखांत ठेवावयाचा. सुमारें तीन महिन्यांनीं पाणी ओतलें कीं कांहीं तासांतच पिलें पोहूं लागतात. आफ्रिकेंतला उन्हाळा अशा रीतीनें मेजाच्या खणांत मावतो, आणि तो टपालानें परगांवींहि पाठवितां येतो.

यांतलें सुख आम्ही नाकारीत नाहीं. संध्याकाळीं कामावरून परत आल्यावर त्या टांकीसमोर अर्धा तास बसणें ही आमची अनेक महिन्यांची संवय होती, आणि त्या अर्ध्या तासांत आम्ही कोणाचें वाईट चिंतिलें नाहीं एवढें निश्चित. परंतु पाळणाऱ्याच्या सुखांत आणखी एक अंश असतो, आणि त्याची कबुली सहसा कोणी देत नाहीं. तो सत्तेचा. पोपट पाळणारा पिंजऱ्याचा मालक होतो. हे मासे पाळणारा पर्जन्याचा मालक होतो. कोणत्या अंड्यांचा जन्म आज व्हावा, कोणत्यांचा महिन्यानें, हें त्याच्या सवडीवर ठरतें. सुट्टी पाहून, पाहुणे पाहून, पंचांगांत नव्हे तर स्वतःच्या रोजनिशींत तो पावसाची तारीख घालतो. अशी सत्ता हातीं आली असतां मनुष्य तिचा कसा उपयोग करतो, हें आम्हांस आमच्याच उदाहरणावरून कळलें.

गेल्या दिवाळींत आमच्या भगिनी मुलांसह आमच्याकडे आल्या होत्या. मुलांनीं खणांतली पिशवी पाहिली, तिची हकीकत ऐकली, आणि धोशा लावला, "मामा, आतांच पाऊस पाडा ना!" पिशवीची तारीख भरली होती, परंतु चार दिवसांनीं आम्हांस एका लग्नासाठीं बाहेरगांवीं जावयाचें होतें, आणि नुकत्या जन्मलेल्या पिलांस दिवसांतून दोनदां सूक्ष्म सजीव खाद्य द्यावें लागतें हें आम्ही पूर्णपणें जाणून होतों. तरी आम्हीं पाऊस पाडला. मुलें आनंदलीं. कांचेच्या पसरट भांड्यांत दोन बोटें पाणी, आणि त्यांत पापणीच्या केसाएवढीं एकतीस पिलें: आम्हीं तीं मोजलीं होतीं. लग्नास निघतांना शेजारच्या मुलास आम्हीं कोरड्या भुकटीची डबी दिली आणि "चिमूटभर घालीत जा" असें सांगितलें. त्यानें सांगितल्याप्रमाणें इमानानें केलें. परंतु बारा वर्षांच्या मुलाची चिमूट केवढी असते याचा विचार आम्हीं केला नव्हता, आणि तीं पिलें कोरडें खाद्य बहुधा घेतच नाहींत हें तर आम्हांस ठाऊकच होतें. पांच दिवसांनीं परत आलों तों पाणी दुधासारखें झालें होतें व त्यास वास येत होता. एकतिसांपैकीं दोन जिवंत होतीं. शेजारचा मुलगा आमच्याकडे पाहत उभा राहिला. त्याचा कांहीं दोष नाहीं असें आम्हीं त्यास सांगितलें, आणि तें अक्षरशः खरें होतें.

त्या दोन पिलांपैकीं एक नर निघालें व एक मादी. वर्षभराचें आयुष्य संपवून तींहि आतां मेलीं आहेत. खणांतलीं चाळीस अंडीं त्यांचींच.

अशा प्रसंगानंतर मन जीं समाधानें पुढें करतें तीं आम्हीं सर्व करून पाहिलीं. पहिलें समाधान असें कीं, शेवटीं ते मासेच. त्यांस काय कळतें? परंतु हें पूर्वीइतक्या निश्चिंतपणें आज म्हणतां येत नाहीं. २००३ सालीं लिन स्नेडन व त्यांचे सहकारी यांनीं ट्राउट माशाच्या तोंडाभोवतीं इजा ओळखणारे ज्ञानतंतू असल्याचें दाखविलें, आणि इजा झालेल्या माशांच्या वागण्यांत कसा पालट होतो तेंहि नोंदविलें. मासा दुःख भोगतो म्हणजे नेमकें काय भोगतो यावर शास्त्रज्ञांचा वाद अद्यापि चालू आहे. परंतु जेथें वाद चालू आहे तेथें सोयीच्या बाजूनें निकाल गृहीत धरण्याचा अधिकार, ज्याच्या हातून ती इजा झाली त्यास तरी नाहीं.

दुसरें समाधान आयुर्मानाचें. ज्याचें सारें जीवनच वर्षभराचें, त्याचें पांचव्या दिवशीं गेलें काय आणि पन्नासाव्या गेलें काय, असा हा युक्तिवाद. आम्हीं तो कागदावर मांडून पाहिला. हा मासा सुमारें सहा आठवड्यांत वयांत येतो. त्याच्या बाल्याच्या बेचाळीस दिवसांपैकीं पांच दिवस आम्ही त्यास दुसऱ्यावर सोंपवून गेलों होतों. मनुष्याच्या अठरा वर्षांच्या बाल्याशीं प्रमाण लावलें तर हे दोन वर्षांहून अधिक होतात. दोन वर्षें मुलास अपुऱ्या सूचना देऊन शेजाऱ्याकडे टाकून जाणाऱ्या बापास आपण काय म्हणूं? आयुष्य तोकडें असलें म्हणजे आपलें देणें कमी होतें, ही समजूतच उलटी आहे. ज्याच्याजवळ दिवस थोडे, त्याचा एक दिवस वाया घालविणें हें मोठें नुकसान.

येथें कित्येक वाचक म्हणतील कीं, या साऱ्या शाखाविस्ताराचें मूळच तोडून टाका. मासे पाळणें हाच बंदिवास. तो सोडून द्या, म्हणजे पुढचे प्रश्न उरणार नाहींत. या आक्षेपांत बळ आहे, आणि "त्यांचीं डबकीं तरी कोठें मोठीं असतात?" या पाळकांच्या नेहमींच्या उत्तरानें तें बळ कमी होत नाहीं. डबकें लहान असतें हें खरें, आणि तें आटून आंतले सारे मासे मरतात हेंहि खरें. परंतु डबकें आटणें हें कोणाचें कृत्य नव्हे. उन्हानें कोणास शब्द दिलेला नसतो. आम्हीं टांकी मांडली, भुसा ठेवला, चिठ्ठी लिहिली. म्हणून आमच्या विसरण्यास जें नांव आहे तें उन्हाच्या विसरण्यास नाहीं. निसर्ग क्रूर आहे हें सांगून आपल्या निष्काळजीपणाचें समर्थन करणारा मनुष्य, स्वतःस निसर्ग समजण्याची चूक करीत असतो.

मग सोडून द्यावें काय? आपल्याकडे बंधनांतील जीव मुक्त करणें हें पुण्यकृत्य मानलेलें आहे, आणि त्यामागील जीवदयेचा आम्ही आदर करतों. पण झांजीबारचा मासा येथल्या ओढ्यांत सोडणें ही दया नव्हे. त्याला येथलें पाणी मानवलें नाहीं तर तो मरेल. मानवलें तर त्याच्यामुळें दुसरे मरतील. आफ्रिकेंतून निघालेला तिलापिया १९५२ सालीं भारतांत आणला गेला. आज आमच्याकडील कोळी त्यास चिलापी म्हणतात, आणि उजनीसारख्या जलाशयांत जाळें टाकलें तर बहुतेक तोच हातीं लागतो. आफ्रिकेचाच थोराड मांगूर येथल्या माशांस खाऊन टाकतो असें दिसून आल्यामुळें त्याच्या संवर्धनावर २००० सालीं बंदी घालावी लागली. स्वतः आफ्रिकेंतहि व्हिक्टोरिया सरोवरांत गेल्या शतकाच्या मध्यास नाईल पर्च हा मोठा मासा सोडण्यांत आला, आणि १९८० नंतरच्या दहा वर्षांत तेथल्या शेंकडों लहान जाति दिसेनाशा झाल्या. मत्स्यन्याय हा शब्द आपण राजनीतींत वापरतों; तेथें तो शब्दशः घडला, आणि घडविणारा मासा नव्हता, मनुष्य होता.

मत्स्यन्यायाची आठवण झाली म्हणजे मनूची कथाहि आठवते. शतपथ ब्राह्मणांत ती आहे. सकाळीं हात धुण्यास आणलेल्या पाण्यांत मनूच्या हातीं एक चिमुकला मासा येतो आणि म्हणतो, मला पाळ, मोठे मासे मला गिळतील. मनु त्यास प्रथम घागरींत ठेवतो, वाढल्यावर खड्ड्यांत, आणि अखेर समुद्रांत नेऊन सोडतो. घरांत मासा पाळल्याची याहून जुनी गोष्ट आम्हांस ठाऊक नाहीं. या कथेंतील प्रलय व नौका सर्वांस आठवतात; आम्हांस अलीकडे ती घागर आठवते. मनूनें माशाच्या मापानें पात्र बदललें, स्वतःच्या सोयीच्या मापानें नव्हे. परंतु त्याची स्थिति दोन बाबतींत आमच्याहून सोपी होती. त्याचा मासा बोलत होता. आणि त्याच्या माशानें, मला वांचविलेंस तर मी तुला वांचवीन, असा करार केला होता. आमचा मासा बोलत नाहीं आणि कसलाहि करार करीत नाहीं. त्याला नेऊन सोडावा असा समुद्रहि आमच्यापाशीं नाहीं.

तिसरा मार्ग अत्यंत शांत, आणि म्हणून अधिक मोहक. पाणीच ओतूं नये. जो जन्मला नाहीं त्याचें नुकसान होत नाहीं. पिशवी खणांत तशीच राहूं द्यावी, आणि कांहीं महिन्यांनीं कुंडींत उपडी करावी. गेले आठ दिवस आम्ही प्रत्यक्षांत हाच मार्ग चोखाळीत होतों, फक्त त्याला निर्णय म्हणत नव्हतों. "पाहूं उद्यां" म्हणत होतों. परवां आम्हीं भिंग घेऊन भुसा उलगडला. पहिल्याच अंड्यांत डोळा दिसला. काळेभोर बुबुळ, त्याभोवतीं बारीक सोनेरी कडें, आणि शेपूट डोक्यावरून वळवून घेतलेला सारा देह. तो पूर्ण झालेला आहे. त्यास आतां वाढावयाचें नाहीं, फक्त थांबावयाचें आहे, आणि थांबण्यासाठीं लागणारी शिदोरी त्याच्या पोटांतल्या बलकांतून रोज थोडी थोडी खर्च होत आहे. फार उशीर झाला तर असें पिलूं जन्मतें, पण पोहूं शकत नाहीं. त्याचा वाताशय भरत नाहीं, आणि तें तळाशीं सरपटत राहतें. म्हणजे आमचें "पाहूं उद्यां" हें कांहीं न करणें नव्हतें. त्याची किंमत रोज कोणी तरी भरीत होतें.

आणि अजात जीवाचा तो युक्तिवाद येथें लागू पडतच नाहीं. जें कधींच अस्तित्वांत आलें नाहीं त्याच्याविषयीं आपलें कांहीं देणें नाहीं, हें आम्हांसहि मान्य आहे. पण त्या अंड्यासाठीं भुशाचें वाडगें आम्हीं ठेवलें होतें. आमचें देणें पाणी ओततांना सुरू व्हावयाचें नव्हतें. तें वाडगें ठेवलें त्या दिवशींच सुरू झालें. कर्ज घेऊन झाल्यावर, दस्तऐवज उघडून पाहिला नाहीं म्हणून तें फिटत नसतें.

आणखी एक समर्थन राहिलें, तें सर्वांत भारदस्त: आम्ही जाति जगवीत आहों. यांत सत्यांश मोठा आहे. व्हिक्टोरिया सरोवरांतल्या कांहीं जाति प्राणिसंग्रहालयांनीं व हौशी पाळकांनीं टांक्यांत जगवून ठेवल्या. आमच्या माशाचाच एक भाऊबंद, नोथोब्रँकियस फुरझेरी, १९६८ सालीं आजच्या झिंबाब्वेंतील गोनारेझू अरण्यांतून आणला गेला. हौशी लोकांनीं त्याचा वंश पिढ्यान्पिढ्या टांक्यांत चालविला, त्यांच्याकडून तो प्रयोगशाळेंत गेला, २००३ सालीं त्याच्या अवघ्या कांहीं महिन्यांच्या आयुष्याचें वर्णन प्रसिद्ध झालें, आणि २०१५ सालीं त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचण्यांत आला. वार्धक्य म्हणजे काय हें समजून घेण्यासाठीं आज जगभर तो पाळला जातो. १९६१ सालीं अमेरिकेंत अशा माशांच्या पाळकांची संस्था निघाली. असे दक्ष पाळक प्रत्येक वंशाचें मूळ ठिकाण व वर्ष सांकेतिक खुणेनें लिहून ठेवतात, आणि दोन डबक्यांतले वंश एकमेकांत मिसळूं देत नाहींत. हें काम आदरणीय आहे. परंतु आमच्या खणांतल्या चाळीस अंड्यांनीं कोणतीहि जाति वांचणार नाहीं. ज्यांनीं नोंदी ठेवल्या त्यांचें पुण्य, ज्यानें लग्नाला जातांना भुकटीची डबी शेजाऱ्याच्या हातीं दिली त्यानें आपल्या नांवावर लावूं नये.

सगळीं समर्थनें व सगळे आक्षेप असे बाजूला झाल्यावर उरतें काय? आमच्या समजुतीप्रमाणें एक क्रियापद उरतें. मराठींत मनुष्य गाय पाळतो, मासे पाळतो. आणि तोच मनुष्य नियम पाळतो, वेळ पाळतो, दिलेला शब्द पाळतो. क्रिया एकच आहे. ज्यांनीं ही भाषा घडविली त्यांस या दोन गोष्टी वेगळ्या वाटल्या नसाव्यात. जीव जवळ ठेवणें म्हणजे त्यास न बोलतां दिलेला शब्द सांभाळणें. लोभ या शब्दाचीहि तीच गत. ज्याच्यामुळें दुसऱ्याची वस्तु हवीशी वाटते तो लोभ. आणि पत्राच्या शेवटीं "लोभ असावा" म्हणून आपण मागतों तोहि लोभ. आमचें मासे पाळणें पहिल्या लोभांतून सुरू झालें, हें कबूल करण्यांत आम्हांस कमीपणा वाटत नाहीं. बहुतेक पाळणें तसेंच सुरू होतें. तें दुसऱ्या लोभापर्यंत पोंचलें कीं नाहीं, हें मात्र पाळणाऱ्यास स्वतःस तपासावें लागतें.

आणि ही तपासणी अशा लहान, मुक्या जीवांपुढेंच खरी होते. व्यवहारांत आपण शब्द पाळतों तो पुष्कळदां समोरचा माणूस दारांत येऊन उभा राहील म्हणून. सावकार येतो, नातेवाईक रुसतो, कुत्रें भुंकतें, मूल रडतें. आपल्या प्रामाणिकपणांतून या मागणाऱ्यांचा धाक वजा केला तर शिल्लक किती उरते, हें आपणांस सहसा कळत नाहीं, कारण वजाबाकी करण्याचा प्रसंगच येत नाहीं. खणांतली पिशवी ही ती वजाबाकी आहे. तिच्यांतला जीव मागत नाहीं, आठवण देत नाहीं, रागावत नाहीं. तो मेला तरी खणास साधा वासहि येणार नाहीं. आमच्या स्नेह्यांच्या त्या वाक्याचा अर्थ आम्हांस असा उशिरां कळला.

तेव्हां आम्हीं काय केलें, तें सांगून हा लेख संपवितों. पुढील दीड महिन्यांत दोन ठिकाणीं जाण्याचें ठरलें होतें; दोन्हीकडे येत नाहीं म्हणून लिहून टाकलें. एका ठिकाणचे यजमान रागावले, आणि माशांमुळें येत नाहीं हें ऐकल्यावर अधिकच रागावले. निम्मा भुसा आमच्या स्नेह्यांकडे नेऊन दिला, कारण वीस पिलांस आपण पुरे पडूं, चाळिसांस पडणार नाहीं, असा आमचा अंदाज आहे, आणि या खेपेस अंदाज आपल्याविरुद्ध धरावा असें आम्हीं ठरविलें आहे. मिठाच्या पाण्यांत आर्टेमिया नांवाच्या सूक्ष्म जीवांचीं अंडीं आदल्या दिवशीं उबत घातलीं, कारण पिलांस तेंच अन्न लागतें. येथेंहि एक जीव जगविण्यास हजारों जीव खर्ची पडतात. ही गोष्ट आम्ही लपवीत नाहीं, आणि तिचें उत्तर आमच्यापाशीं आहे असेंहि म्हणत नाहीं. आज सकाळीं सात वाजतां पसरट भांड्यांत भुसा पसरून त्यावर दोन बोटें गार पाणी ओतलें व चिमूटभर मीठ घातलें. या वेळीं चिमूट आमची होती.

हें लिहीत असतांना दुपार कलली आहे. अकरा पिलें पोहत आहेत. एक तळाशीं सरपटत आहे. तो आमच्या आठ दिवसांचा हिशेब. उरलेलीं अंडीं उठलीं नाहींत. हा पाऊस खरा कीं खोटा, हें त्यांनीं अजून ठरविलेलें नाहीं, आणि मागील अनुभव पाहतां आम्ही त्यांस घाई करण्याच्या स्थितींत नाहीं. उद्यां तो भुसा पुन्हां पिळून पिशवींत भरावयाचा आहे. नव्या चिठ्ठीच्या दोन प्रती आम्हीं आतांच केल्या आहेत. एक पिशवीस बांधूं. दुसरी आमच्या स्नेह्यांकडे पाठवूं, आणि त्या तारखेस आमच्या दारीं येऊन विचारा अशी त्यांस विनंती करूं. मागणारा नसतां शब्द पाळणें हें थोर खरें. पण ज्याचा तेवढा भरंवसा अजून पटलेला नाहीं, त्यानें आपल्या दारीं एक मागणारा स्वतःच नेमून ठेवावा.